शाईची जुळणी ‘अपघाती’ कशी?

मंडळी, दोन्ही टोकं बांधलेली तार आपण आधी सोडवली. एका टोकाचा उतार ठरला की सगळं उत्तर ठरतं, म्हणून तिथे प्रत्येक आयगेन व्हॅल्यूला एकच स्वतंत्र उत्तर. पाठ्यपुस्तकं बहुतेक इथेच थांबतात.

आता आपल्या रत्नागिरीत गणपतीला वाजतो तो मृदुंग घ्या. गोल पुडीवरची न हलणारी रेषा उभी धरा की आडवी, कंपनसंख्या तीच. म्हणजे उत्तरं दोन. ही मल्टिप्लिसिटी गोलाईने दिलेली.

पण साध्या पुडीचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत बसत नाहीत, पहिलाच १.५९ पट येतो. मध्ये शाई चढली की बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली दाखवलं, की फिरवून मिळणारी जुळी सोडली तरी नऊ कंपनप्रकार पाचच सुरांवर गोळा होतात, अर्थात जवळजवळ.

गोलाईतून न निघणाऱ्या अशा जुळणीला पुस्तकं ‘अपघाती’ म्हणतात. आमचा आक्षेप या शब्दाला आहे. शाई म्हणजे समीकरणातली जागोजागी बदलणारी घनता. थर देत, घोटत, वाजवून बघत कारागिराने ती ठरवली. त्याने समीकरण लिहिलं नाही, इतकंच. मग हा अपघात कसा?