विवेकवाद आणि पुढे पाठवलेला निरोप

दि. य. देशपांडे यांनी नागपुरात १९९० साली सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’मध्ये ‘विवेकवाद’ ही लेखमाला लिहिली. तिचा गाभा दुहेरी आहे : पुराव्याविना काही खरे मानू नये, आणि काय आहे यावरून काय असावे हे निष्पन्न होत नाही.

लोहाऱ्यात ती आज पुन्हा वाचताना एक उणीव जाणवते. दि. यं.चा रोख पुराव्याविना मानण्यावर, म्हणजे श्रद्धेवर आहे. मोबाइलने वेगळाच प्रकार आणला : न मानताच सांगणे. कापसाचा भाव चढणार, असा निरोप गटावर आला. एकाने त्यावर विसंबून कापूस घरात ठेवला, भाव उतरला. पाठवणाऱ्याला विचारले, तर म्हणाला, ‘‘मी कुठं खरं हाय म्हटलं? आलं, तसं समोर पाठवलं.’’

त्याने विधान केलेच नाही. मग असत्याचा दोष कसा लावणार? उत्तर दि. यं.च्याच दुसऱ्या सूत्राच्या आधारे देता येते. सत्य आणि नीती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खरेखोटेपणा विधानाचा, पाठवणे ही कृती, आणि कृतीला नीतीचे माप लागते. तिचे परिणाम दुसरा भोगतो, म्हणून आधी तपासण्याचे कर्तव्य पाठवणाऱ्याचे. विवेकवादात हे कलम आता जोडले पाहिजे.