सुट्या अभंगाचा भाव

वाचक माउली, अभंगाची किंमत किती, असे चंद्रभागेच्या वाळवंटात कुणी विचारले तर आपण हसू आणि टाळ पुढे वाजवू. पण अभंगाच्या ध्वनिमुद्रणाची किंमत किती, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ध्वनिमुद्रणात गाणाऱ्याचा गळा लागलेला असतो, पखवाजीचे हात लागलेले असतात, खोलीचे आणि यंत्रांचे भाडे भरलेले असते. म्हणून संगणकावर वा फोनवर गाणी उतरवून देणारी जी दुकाने निघाली, त्यांनी गाण्याचा भाव कसा ठरवला हे आपण नीट पाहिले पाहिजे. तिथे जगातल्या सगळ्या गाण्यांच्या रांगेत आपला अभंगही मांडला गेला आणि त्याच मापाने मोजला गेला.

ते माप अमेरिकेत ठरले. २८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडले. आरंभी दोन लाख गाणी होती. कोणतेही गाणे घ्या, भाव ९९ सेंट, म्हणजे डॉलरला एक सेंट कमी. अख्खा अल्बम घेतला तर बहुधा ९ डॉलर ९९ सेंट. लोकांना हे फार आवडले, आणि त्याला कारणही होते. तोवर एका आवडत्या गाण्यासाठी सगळी सीडी विकत घ्यावी लागे. आता हवे तेवढेच घेता येऊ लागले. ज्याच्या खिशात एकच डॉलर आहे त्यालाही प्रामाणिकपणे एक गाणे घेता आले. ही सोय लहान नव्हती, हे आधी मान्य करू.

आता या भावाचा हिशेब पाहा. दहा सुटी गाणी घेतली तर ९ डॉलर ९० सेंट होतात, अकरावे घेतले की १० डॉलर ८९ सेंट. म्हणजे दहापर्यंत सुटे घेणे परवडते आणि अकराव्यापासून अल्बम स्वस्त पडतो. चौदा गाण्यांचा अल्बम सुटा घेतला तर १३ डॉलर ८६ सेंट, एकत्र घेतला तर जवळजवळ चार डॉलर वाचतात. पुढे २००७ मध्ये आणखी एक सोय निघाली. आधी दोनतीन गाणी सुटी घेतली असतील, तर तेवढी रक्कम वजा करून उरलेला अल्बम घेता येऊ लागला. बाजाराच्या दृष्टीने सगळे चोख आहे. पण या साऱ्या हिशेबात मोजले काय जाते? गाण्यांचे नग. गाणे तीन मिनिटांचे असो की नऊ मिनिटांचे, नग एकच.

हे माप आपल्या हरिपाठाला लावून पाहू. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग धरले आणि प्रत्येक अभंग वेगळा नग करून विकायला ठेवला, तर सुट्या भावाने २६ डॉलर ७३ सेंट होतील. तोच हरिपाठ, त्याच गायकाने त्याच बैठकीत म्हटलेला, एका सलग तुकड्यात ठेवला तर नियमाने नग एकच. मग दुकानदाराला तो ९९ सेंटांना देणे परवडत नाही. म्हणून या दुकानात दहा मिनिटांहून लांब गाणे बहुधा सुटे विकतच नसत. त्यापुढे ‘फक्त अल्बमसोबत’ असा शेरा असे. हरिपाठ तोच, श्रमही तेच, पण कात्री कुठे चालवली यावर किंमत ठरते.

यात एक विसंगतीही आहे. अमेरिकेच्या कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांना प्रत्येक विक्रीमागे ठरावीक रक्कम द्यावी लागते. त्या काळी ती ९.१ सेंट होती, आणि गाणे पाच मिनिटांहून लांब असेल तर मिनिटाला १.७५ सेंट. म्हणजे दहा मिनिटांच्या गाण्याला साडेसतरा सेंट. कायद्याने लांबी मोजली, दुकानाने मोजली नाही. साहजिकच लांब गाणे सुटे विकणे कंपनीला नकोसे झाले आणि तीनचार मिनिटांचे गाणे सोयीचे ठरले.

माउली, ही गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची का आहे, ते सांगतो. भजनात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते ते जागा भरण्यासाठी नव्हे. विणेकरी उभा आहे, टाळकरी दोन्ही बाजूंनी झेलत आहेत, पखवाज चढत आहे, आणि सातव्या आठव्या आवर्तनाला कुठे मन जागेवर येते. त्या आवर्तनांना दुकानात भाव नाही. ध्वनिमुद्रण करणारा मग ती आवर्तने दोनवर आणतो, पखवाजाची लग्गी छाटतो, चार मिनिटांत अभंग संपवतो. पुढची मुले तेच ऐकून शिकतात आणि अभंग एवढाच असतो असे समजतात. मालिकेचेही तसेच. मंगलाचरण, रूपाचे अभंग, मग पुढचा क्रम, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांनी जपला आहे. सुट्या विक्रीत लोकप्रिय तेवढे उचलले जाते आणि रूपाचा अभंग मागे पडून राहतो. अ-भंग हे नाव धारण करणाऱ्या वस्तूचे असे भंग व्हावेत, हे आपण गुपचूप पाहत राहावे का?

एप्रिल २००९ मध्ये आयट्यून्सने भावाच्या तीन पायऱ्या केल्या : ६९ सेंट, ९९ सेंट आणि १ डॉलर २९ सेंट. मागणी असेल ते महाग, जुने आणि कमी मागणीचे ते स्वस्त. व्यापाराचा हा नियम आहे, त्यात अधर्म नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात एक गैरसमज सहज रुजतो की स्वस्त ते हलके. आपल्याकडे काकड्याला येणारे थोडे आणि रात्रीच्या कीर्तनाला गर्दी, म्हणून काकडा हलका ठरत नाही. भाव मागणी सांगतो, योग्यता सांगत नाही. एवढे मनात ठेवले तर पायऱ्या तीन असोत की तीस, आपले काही बिघडत नाही.

आता पैसे जातात कुठे ते पाहू. ९९ सेंटांतले तीसएक सेंट दुकानाकडे राहत. उरलेले सत्तरएक सेंट ध्वनिमुद्रणाची मालकी असलेल्या कंपनीकडे जात. त्यातून गायकाला कराराप्रमाणे वाटा मिळे. संतांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, त्यांवर कुणाला रक्कम द्यावी लागत नाही. मात्र नव्या चालीवर संगीतकाराचा हक्क असतो. श्रीनिवास खळे यांनी चाली दिलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘अभंग तुकयाचे’ घेतले, तर शब्द तुकोबारायांचे म्हणून सर्वांचे आहेत, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क मात्र वेगळे आहेत. आणि टाळकरी, पखवाजी? साथीदाराला बहुधा एकदाच बिदागी मिळते आणि नग किती विकले गेले याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला गेला. कागदावरचा हा हक्क आपल्या फडातल्या पोरांना ठाऊक तरी असायला हवा.

भारतात ही दुकाने आली आणि फार टिकली नाहीत. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाने गाणी विकायला आरंभ केला आणि जून २०१३ मध्ये ते बंद केले. गाणी फुकट मिळत होती आणि पाचदहा रुपये भरण्याची सोपी सोय तेव्हा नव्हती. आयट्यून्सचे दुकानही आपल्याकडे डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. आज बहुतेक लोक गाणे विकत घेण्याऐवजी वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून ऐकतात. तरी एकेका गाण्याचा नग मोजण्याची सवय त्या दुकानांनी लावली, ती गेलेली नाही.

याच व्यापारात एक वेगळी रीतही आहे. २००८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या बँडकॅम्पवर गायक स्वतः भाव ठरवतो, आणि वाटल्यास ‘द्याल ते द्या’ असे म्हणू शकतो. किमान रक्कम शून्यही ठेवता येते आणि घेणारा किमानाहून जास्तही देऊ शकतो. दुकान आरंभी १५ टक्के घेते. २० मार्च २०२० पासून काही शुक्रवारी ते आपला वाटा सोडून देऊ लागले. आपल्याला हे ओळखीचे वाटेल, कारण कीर्तनाच्या शेवटी फिरणारे आरतीचे ताट असेच असते. ताटात कुणी रुपया टाकतो, कुणी पाचशे, कुणी नुसता हात जोडतो. या रीतीत अभंगाचे मोल होत नाही, गाणाऱ्याचा मान होतो. पण तिची मदार देणाऱ्यावर आहे. ऐपत असून नुसते हात जोडणारे वाढले की ताट रिकामे राहते.

कीर्तन विकू नये, असा आपल्या संप्रदायाचा दंडक आहे. त्याचा आधार घेऊन कुणी म्हणेल की मग अभंगही फुकटच ऐकावा. हा दंडक कीर्तनकाराने स्वतःवर घातलेला आहे. ऐकणाऱ्याने तो पुढे करून पखवाजीचे घामाचे पैसे बुडवावेत, यासाठी तो नाही.

म्हणून माउली, अभंग उतरवून घ्याल तेव्हा एवढे पाहा. मालिका सबंध मिळत असेल तर सबंध घ्या, ती दिलेल्या क्रमाने ऐका. साथीदारांची नावे दिली आहेत का ते बघा, नसतील तर विचारा. जिथे गाणाऱ्याकडे जास्त वाटा जातो तिथून घ्या. आणि फडाचे भजन ध्वनिमुद्रित करायची वेळ आली, तर ध्रुवपदाची आवर्तने नगाच्या मापात बसवू नका. दुकानाला लांब वाटले तर वाटो. विणा खाली ठेवायची वेळ दुकानदाराने ठरवायची नसते.

राम कृष्ण हरी.