जोखमीचे गणित आणि वर्गातले मूल

तरुण मुलांच्या आत्महत्येचा विषय निघाला, की आपल्याकडे बोलणे परीक्षेच्या निकालापाशी येऊन थांबते. परीक्षेचा ताण खराच. पण एवढ्याने उलगडा होतो का? त्यासाठी गोव्यात झालेली एक पाहणी शिक्षकांनी जरूर वाचावी. अरविंद पिल्लई, थिओ अँड्र्यूज आणि विक्रम पटेल यांचा हा निबंध २००९ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला.

संशोधकांनी ग्रामीण व शहरी भागांतल्या १६ ते २४ वयाच्या ३६६२ तरुणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी १४४ जणांनी, म्हणजे ३.९ टक्क्यांनी, आधीच्या तीन महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन घडल्याचे सांगितले. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरेच अधिक होते. मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक अस्वास्थ्य आणि शाळा-कॉलेज सुटलेले असणे या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला.

या कामाचे खरे मोल कशात आहे? मानसिक आजाराचा वाटा संख्याशास्त्राच्या रीतीने वेगळा काढला, तरी हिंसेचा संबंध शिल्लक राहतो. म्हणजे ‘मुलाचे मनच दुबळे’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. मुलावर काय गुजरले, हेही विचारावे लागते.

आता मर्यादा पाहू. ही पाहणी एका वेळची आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढेच ती सांगते. आधी कोणती घडली, हे नेहमीच कळत नाही. शाळा सुटल्याने मूल खचले, की खचल्याने शाळा सुटली? शिवाय सारी माहिती मुलांनी स्वतः दिलेली. अत्याचाराबद्दल परक्या माणसाजवळ बोलणे किती कठीण असते, हे आपण जाणतोच.

सर्वांत जपून वाचावा असा निष्कर्ष पुढेच आहे. स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या तरुणांमध्येही जोखीम अधिक आढळली. यावरून ‘मुलांना मोकळीक देऊ नये’ असा अर्थ कुणी काढील, तर तो आम्हाला मान्य नाही. निर्णय घेणाऱ्या मुलीला घर आणि गाव कसे वागवतात, हा प्रश्न त्या आकड्यामागे असू शकतो. आकडा त्याचे उत्तर देत नाही.

गोव्याचे निष्कर्ष वसई-विरारला जसेच्या तसे लावता येतील का? इथे अर्नाळ्यासारखी किनाऱ्यावरची गावे आहेत, पूर्वेला आदिवासी पाडे आहेत आणि नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत दूरदूरहून आलेली कुटुंबे आहेत. त्यामुळे ३.९ हा आकडा आपल्या वर्गपटाला लावणे चूक ठरेल. प्रश्न मात्र उचलावेत : मुलाला घरी मार बसतो का? ते वर्गात येईनासे का झाले?

मग सारा भार शिक्षकांवरच टाकायचा का? विक्रम पटेल ज्या ‘संगाथ’ संस्थेच्या संस्थापकांपैकी आहेत, तिने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रशिक्षित समुपदेशकाने कार्यक्रम राबवला तेथे शाळेचे वातावरण सुधारले. मुलांमधली उदासी, दांडगाई आणि हिंसा कमी झाली. तोच कार्यक्रम शिक्षकांकडे दिला तेथे तसा फरक दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्यासारखे काही नाही. शिकवण्याच्या जोडीला हे काम लादून भागत नाही, त्यासाठी स्वतंत्र माणूस लागतो, असा बोध आम्ही घेतो. शाळांनी तो मागायला हवा.

तोवर शिक्षकाने काय करावे? जोखमीच्या यादीवरून मुलांवर शिक्के मारू नयेत. काळजी वाटली तर एकांतात, सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उत्तर ऐकून घ्यावे, मुलाला एकटे सोडू नये आणि तज्ज्ञांची मदत मिळवून द्यावी. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. अठरा वर्षांखालील मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण त्याआधी मुलाला हे सांगावे, की यात तुझा दोष नाही.