मौखिकता व हस्तलिखित परंपरा
मौखिकता व हस्तलिखित परंपरा : लेखनामुळे मानवी विचारात व समाजरचनेत घडलेल्या परिवर्तनाचा प्रश्न. मेसोपोटेमियात इ. स. पू. सु. ३२०० मध्ये लेखन उदयास आले, ते प्रामुख्याने हिशेबाच्या नोंदींसाठी. पुढे मजकूर वक्त्यापासून अलग झाल्याने दोन कथने ताडून त्यांतील विसंगती हेरणे सुकर झाले. जॅक गुडी व इअन वॉट यांनी १९६३ मध्ये चिकित्सक विचाराचा संबंध साक्षरतेशी जोडला. तथापि लेखनाविना चिकित्सा नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे एकांगी ठरते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ते चक्रधरांच्या सहवासातील व्यक्तींच्या आठवणी पारखून; म्हणजे चिकित्सा येथे लेखनापूर्वीच झाली. परंपरेनुसार मूळ प्रत नष्ट झाल्यावर हा ग्रंथ स्मरणातूनच पुन्हा लिहिला गेला व त्याचे भिन्न पाठ निर्माण झाले. महानुभावांच्या सकळ, सुंदरी इ. सांकेतिक लिप्यांमुळे लेखन हे ज्ञानरक्षणाइतकेच ज्ञानगोपनाचेही साधन ठरले. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हापासून ग्रंथात भर घालणे हे सहभागाऐवजी दूषण मानले जाऊ लागले. लेखनाने विचाराला स्थैर्य दिले. पण पाठावरील अधिकार थोड्यांच्या हाती गेला.

या अधिकाराची दुसरी बाजू नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना १ जुलै १९९८) दिसते. अक्राणीतील पावरी, नवापूरकडील मावची व अक्कलकुवा परिसरातील देहवाली या भिल्ली बोलींतील कथागीते पोथ्यांविना टिकली. श्रोत्यांची दाद व दुरुस्ती हीच त्यांची पाठचिकित्सा होय. या समाजाच्या वाट्याला लेखन आले ते मुख्यतः सावकाराचे खत व सरकारी दप्तर या रूपांत. वाचता न येणाऱ्याचा अंगठा त्याच्याच जमिनीविरुद्ध पुरावा ठरला. १९७२ पासून शहादे परिसरात श्रमिक संघटनेने केलेल्या लढ्यात अशा गेलेल्या जमिनींचा प्रश्न अग्रभागी होता.

वनहक्क कायदा (२००६) व त्याखालील नियमांनी (२००८) वृद्धांचे कथन पुरावा म्हणून ग्राह्य मानले, मात्र ते लेखी उतरविल्यावरच. स्मृतीला मिळालेली ही मान्यता महत्त्वाची असली, तरी ती लेखनाच्या दारातूनच मिळते. म्हणून लेखनाचे मूल्यमापन करताना त्याने काय जतन केले याबरोबरच कोणाचा शब्द प्रमाण ठरविला, हेही पाहणे आवश्यक ठरते.