भावगीताचे सुवर्णदशक : एक पुनर्विचार

लोकप्रिय मराठी गीताचे सर्वोत्कृष्ट दशक कोणते, हा वाद आपल्या वाङ्मयमंडळांत वरचेवर निघतो आणि बहुधा एकाच जागी येऊन थांबतो. १९५१ ते १९६० हे दशक सर्वश्रेष्ठ, असा कौल दिला जातो. आणि त्यानंतरचा काळ म्हणजे उतरती कळा, असे त्याबरोबरच गृहीत धरले जाते. यांतला पहिला निर्णय आम्हांस मान्य आहे. दुसरा मान्य नाही. किंबहुना, पहिला निर्णय ज्या कारणांमुळे खरा ठरतो त्याच कारणांमुळे दुसरा खोटा ठरतो, असे आम्हांस या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम कसोटी ठरविली पाहिजे. केवळ आवडीला प्रमाण मानले, तर ज्याच्या त्याच्या तारुण्याचे दशक श्रेष्ठ, एवढाच या वादाचा निष्कर्ष निघेल. म्हणून आम्ही दोनच गोष्टी पाहतो. गीताचे शब्द नुसते वाचले तरी कविता म्हणून उभे राहतात काय? आणि मूळ गायकाचा गळा नसलेल्या सामान्य माणसाला ते म्हणता येते काय? पहिल्या गुणावाचून गीत वाङ्मयाच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्यावाचून ते लोकांचे होत नाही.

या कसोट्यांवर १९११ ते १९२० या दशकाचा दावा सर्वांत आधी विचारात घ्यावा लागतो. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले, ‘स्वयंवर’ १९१६ साली आणि ‘एकच प्याला’ १९१९ साली. गोविंदराव टेंबे आणि बडोदे संस्थानातील कठोर गावी जन्मलेले भास्करबुवा बखले यांनी रागदारी संगीत नाटकाच्या प्रेक्षकापुढे आणून ठेवले, आणि बालगंधर्वांच्या गळ्याने ते लोकांच्या कानांत कायमचे बसविले. निव्वळ संगीत म्हणून याहून समृद्ध दशक मराठीने पाहिले असेल, असे आम्हांस वाटत नाही. तथापि नाट्यपदाचा शब्द पुष्कळदा तयार चालीच्या मापाने बेतलेला असतो. तान वजा करून ती पदे कविता म्हणून वाचावयास घेतली, तर बऱ्याच ठिकाणी निराशा पदरी येते. शिवाय सामान्य रसिक नाट्यपद गुणगुणतो. ते म्हणण्याचे धाडस तो सहसा करीत नाही. दोन्ही कसोट्यांवर हे वैभवशाली दशक थोडे उणे पडते.

१९३१ ते १९४० या दशकाचा दावा वेगळ्या प्रकारचा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटांचे गायन मावे. या अडचणीतून एक नवा घाट जन्मास आला. ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी एवढ्यातच सारे आटोपावयाचे असल्यामुळे आलाप-तानांना आवर बसला आणि शब्दाला आपोआप मान मिळाला. वऱ्हाडातील मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायिली. पुढे गजाननराव वाटवे यांनी कवींच्या रचना गणेशोत्सवाच्या मंडपांतून हजारोंना ऐकविल्या. भावगीताचे बी या दशकात पेरले गेले, यात शंका नाही. परंतु पीक यावयास अजून अवकाश होता.

ते पीक १९५१ नंतर आले. त्या काळात गुणी माणसे अधिक जन्मली होती, असे त्याचे कारण सांगितले जाते. आम्हांस ते पटत नाही. गुणी माणसे प्रत्येक दशकात असतात. फरक पडला तो व्यवस्थेत. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणीखात्याचे मंत्री झाले. चित्रपटगीतांविषयी त्यांची नाराजी प्रसिद्धच आहे. ती योग्य की अयोग्य हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीला सुगम संगीताची निकड भासू लागली, आणि कवी, संगीतकार व गायक यांना नियमित काम मिळू लागले. १९५३ च्या २ ऑक्टोबरला पुणे केंद्र सुरू झाले. तेथील सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांनी १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून ‘गीतरामायण’ आरंभिले. आठवड्याला एक गीत, असा त्याचा क्रम होता. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. दर आठवड्याला नवे गीत लिहिणे, त्यास चाल लावणे, ते बसविणे आणि ठरल्या वेळी ध्वनिक्षेपित करणे ही केवळ प्रतिभेची गोष्ट नव्हे, ती शिस्तीचीही आहे. गुणांना अशी शिस्त लावणारी आणि त्यांस श्रोते मिळवून देणारी संस्था त्या दशकात होती. पूर्वी ती या प्रमाणात नव्हती. आमच्या दोन्ही कसोट्यांवर ‘गीतरामायण’ पूर्णपणे उतरते. ते वाचताही येते, आणि ते म्हणणारे गावोगाव आढळतात.

या दशकाच्या मोठेपणाचे दुसरे कारण मात्र आमच्या चर्चांत क्वचितच उच्चारले जाते. त्या काळाने स्वतःचे निर्माण केले तसेच इतरांचे वेचून आणले. बहिणाबाई चौधरी यांचेच पाहावे. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेली ही निरक्षर शेतकरीण जात्यावर आणि शेतात ओव्या रचीत आली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती निवर्तली आणि १९५२ साली, सोपानदेवांनी जपलेल्या त्या रचना आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ‘बहिणाबाईंची गाणी’ म्हणून छापल्या गेल्या. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटाने त्यांतील काही सर्वतोमुखी केल्या. आता ही गीते कोणत्या दशकाच्या खात्यात मांडावयाची? रचली गेली त्या, छापली गेली त्या, की गायिली गेली त्या? भा. रा. तांबे यांचीही अशीच गोष्ट. त्यांचे आयुष्य देवास-ग्वाल्हेरकडे गेले आणि १९४१ साली ते वारले. त्यांच्या कविता वसंत प्रभू यांच्या चालींनी व लता मंगेशकरांच्या स्वराने घरोघर पोहोचल्या, त्या नंतर. दशकांचे कप्पे किती तकलादू आहेत, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानी यावे. त्याचबरोबर त्या काळाचे खरे शील कोणते, तेही कळावे. खानदेशी जात्यावरची ओवी आणि माळव्यातली कविता आपलीच आहे, असे म्हणण्याइतके त्याचे मन मोठे होते.

ते मन सर्वांसाठी सारखे मोठे नव्हते, हेही सांगणे प्राप्त आहे. गावोगावच्या गायकांची साथ करणाऱ्या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून मज्जाव होता, आणि तो या साऱ्या दशकभर चालू राहिला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची आंबेडकरी गीते वस्त्यावस्त्यांतून हजारो लोक म्हणत होते, आजही म्हणतात. ‘सामान्य माणसाला म्हणता येणे’ ही कसोटी ज्यांनी सर्वांआधी पार केली, त्यांत वामनदादांचे नाव घ्यावे लागेल. परंतु सुवर्णदशकाच्या आमच्या याद्यांत ते सहसा आढळत नाही. लोकप्रिय गीताचा विचार करताना ‘लोक’ म्हणजे केवळ दिवाणखान्यात रेडिओ असलेले लोक, असा अर्थ आपण नकळत केला.

आता उतरत्या कळेच्या मताकडे वळू. १९६० नंतर लवकरच मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते एकत्र आले. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, खळे बडोद्यात वाढलेले, दाते इंदूरचे. ‘वेचून आणण्याचे’ तेच शील येथे पुन्हा दिसते. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये ना. धों. महानोर यांचे रानातले शब्द हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी शहरात आणले. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये वाद्यमेळाच्या गजरात शब्द अधूनमधून दबतो, हा आक्षेप आम्हीही घेऊ, पण ग्रामीण बोलीचा उच्चार त्या गीतांनी देशभर नेला, हे नाकारता येणार नाही. जेथे दुर्लक्षित बोलीकडे आणि दूरच्या गावाकडे कान गेला, तेथे चांगले गीत निपजले. मग दशक कोणतेही असो. कान बंद झाला तेथे चांगल्या गळ्यांनीही पूर्वीच्या गीतांची नक्कलच केली.

हा प्रश्न आम्हां सुरतेतील शिक्षकांना केवळ वादाचा नाही. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबारकडील असंख्य कुटुंबे या शहरात येऊन राहिली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत त्यांची मोठी वस्ती आहे. यंत्रमागांवर आणि कापडबाजारात ती राबतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, त्यांच्या घरी कानबाई बसते आणि अहिराणी गाणी रात्रभर चालतात. त्या घरांतील मुले आमच्या मराठी शाळांत येतात. वर्गात आपण त्यांना सांगतो की उत्तम मराठी गीत पुण्या-मुंबईत झाले आणि ते तुमच्या आजोबांच्या काळात संपले. घरी आई जे गाते ते तर गीतांच्या हिशेबातच नाही. असे ऐकलेले मूल उद्या मराठी कशासाठी धरून ठेवील? चहूकडे गुजराती आणि हिंदी असताना भाषा त्याच्यापाशी टिकते ती व्याकरणाने नव्हे, मुखी असलेल्या गाण्याने. आपली सुवर्णदशकाची यादी त्या गाण्याला अपात्र ठरविते, आणि तो निर्णय देताना आपणांस त्याची कल्पनाही नसते.

आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे झवेरचंद मेघाणी यांनी लोकगीते वेचून ‘रढियाळी रात’ सिद्ध केली. आपल्याकडे साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून ‘स्त्री जीवन’ हा संग्रह दिला. ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि अमळनेर सुरतेच्या त्याच लोहमार्गावर आहे. शिक्षकाच्या हातून होण्याजोगे ते काम आहे. ज्या दशकाचा आपण गौरव करतो त्याने बहिणाबाईंची वही उघडली. त्याचे अनुकरण करावयाचे, तर त्याच्या चाली पुन्हा पुन्हा गाऊन भागणार नाही. आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी जी वही अजून लिहिलीच गेली नाही, ती लिहावयास घेतली पाहिजे. ते काम ज्या दशकात होईल, त्याची गणना पुढच्या पिढ्या श्रेष्ठ दशकांत करतील, याविषयी आम्हांस संशय नाही.