मुखवट्याआडचा ‘हिवाळा’

आता पडद्यावर आहे ते वेन्सेस्लॉस होलरचं ‘विंटर’, म्हणजे ‘हिवाळा’. साल १६४३, लंडन. उंची वीतभराहून जरा जास्त. एवढी नटलेली बाई दिसली की आपण लगेच विचारतो, ही कुणाची कोण? चित्र काही सांगत नाही. नाव नाही, आणि चेहऱ्यावर काळा मुखवटा. थंडीवाऱ्यापासून कांती जपायला तिथल्या वरच्या वर्गातल्या बायका असे मुखवटे घालत. मग याला व्यक्तिचित्र कशाला म्हणायचं? आम्ही म्हणू, पण ते तिच्यापेक्षा तिच्या फरचं.

तिचे हात ज्यात आहेत तो मफ नीट बघूया. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईनं चित्र काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. मेण निघालं तेवढंच तांबं आम्ल खातं. धातू थेट कोरायचा तर अवजार जोर लावून ढकलावं लागतं, रेघ ताठ येते. मेणात सुई लेखणीसारखी पळते. होलरनं या सैलपणाचा पुरेपूर फायदा घेतला. फर म्हणजे नुसत्या आखूड, बारीक रेघा, आणि कडेला त्या तशाच मोकळ्या सोडलेल्या. हात लावावासा वाटतो, खरं की नाही?

खाली चार ओळींचं पद्य छापलंय. दिवसा ही फर पांघरते, रात्री मिठीत मात्र त्याहून मऊ कातडी, असा त्याचा चावट मतलब. आम्हाला हे पद्य चित्राशी बेइमान वाटतं. ते तिला उघडी करू बघतं. चित्रात ती पुरती झाकलेली आहे, आणि मुखवट्यातून आपल्याकडे बघतेय ती.

मागे कॉर्नहिलचा रस्ता आणि रॉयल एक्स्चेंज, व्यापाऱ्यांचा अड्डा. राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध आदल्याच वर्षी पेटलंय. रस्त्यावर त्याचा मागमूस नाही. होलरला १६३६ मध्ये इंग्लंडात आणणारा आश्रयदाता, अरुंडेलचा अर्ल, १६४२ मध्येच देश सोडून गेला होता. आता पोट छापांच्या विक्रीवर. नाव असलेली सरदारीण तिच्या ओळखीतले लोक घेतील. बिननावाची कुणीही घेईल. मुखवट्यामागे हाही हिशेब असावा, असं आमचं मत.

पुढे होलर अँटवर्पला गेला. तिथलं १६४७ चं एक एचिंग आहे: टेबलावर मफ, हातमोजे, पंखा. बाई नाहीच.