होयेरुपचे चालते चर्च : दंतकथा, इतिहास आणि अर्थनिर्णयन

प्रस्तावना :

लोककथा आणि दंतकथा हे दोन शब्द मराठीत पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरले जातात. वास्तविक लोककथेला स्थळकाळाचे बंधन नसते, तर दंतकथा विशिष्ट गाव, विशिष्ट टेकडी, विशिष्ट वास्तू यांना चिकटलेली असते. डॅनिश लोकसाहित्याच्या अभ्यासातही 'इव्हेंट्युर' म्हणजे अद्भुतकथा आणि 'साग्न' म्हणजे स्थलबद्ध कथा असा भेद केला जातो. दंतकथा सत्यतेचा दावा करते, म्हणूनच ती खोटी ठरण्याचा संभवही असतो. अशी खोटी ठरलेली दंतकथा अभ्यासकाने कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी डेन्मार्कमधील सीलँड बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील होयेरुप या छोट्या खेड्याची कथा विचारात घेतली आहे.

दंतकथेचे स्वरूप :

होयेरुप हे गाव स्टेव्हन्स क्लिंट या सुमारे 15 किलोमीटर लांबीच्या कड्यावर वसलेले आहे. कड्याच्या अगदी काठाशी तेराव्या शतकातील एक चर्च आहे. वादळात सापडलेल्या एका दर्यावर्द्याने, प्राण वाचल्यास येथे चर्च बांधीन, असा नवस केला आणि तो फेडला, असे दंतकथा सांगते. समुद्र किनारा कुरतडत असला तरी चर्चला भय नाही. कारण दरवर्षी नाताळच्या रात्री ते कोंबड्याच्या एका पावलाइतके आत सरकते, असा तिचा उत्तरार्ध आहे.

दि. 16 मार्च 1928 रोजी या चर्चचा वेदीकडील भाग दफनभूमीच्या काही भागासह समुद्रात कोसळला. दंतकथा येथे उघडपणे खोटी पडली.

दोन प्रचलित वाचने आणि त्यांच्या मर्यादा :

अशा कथांचे सामान्यतः दोन प्रकारे वाचन होते. पहिल्या वाचनानुसार ही अडाणी श्रद्धा असून 1928 च्या घटनेने तिचा निकाल लावला. दुसऱ्या वाचनानुसार कथेत लोकांचे भूशास्त्रीय ज्ञान दडलेले आहे. कडा मागे सरकतो हे लोकांनी ओळखले होते व 'कोंबड्याचे पाऊल' हे त्याचेच माप होय. दुसरे वाचन अधिक सहानुभूतीचे असले तरी तेही पुरेसे नाही.

त्याचे कारण कड्याच्या रचनेत सापडते. खालचा थर मऊ खडूचा, तर वरचा थर तुलनेने कठीण चुनखडीचा आहे. लाटा खालचा खडू पोखरतात; वरची चुनखडी छज्जासारखी पुढे लोंबत राहते आणि एके दिवशी अकस्मात कोसळते. म्हणजे येथील झीज दरसाल एक पाऊल अशी समगतीची नाही; दीर्घ स्तब्धता आणि एकाएकी विनाश हीच तिची रीत आहे. दंतकथेतील माप निसर्गाचे नाही. ज्या आपत्तीची वेळ सांगता येत नाही, तिला कथेने वार्षिक, लहान आणि मोजता येण्याजोगे रूप दिले. शिवाय त्यासाठी नाताळची पवित्र रात्र निवडली. दंतकथेचे खरे कार्य माहिती देणे हे नसून भयाला पंचांगात बसवणे हे आहे, असे म्हणावे लागते.

येथे आणखी एक बाब लक्षणीय आहे. या चर्चमधील शेवटची उपासना 1910 मध्ये झाली आणि 1912-13 मध्ये गावाने किनाऱ्यापासून आत नवे चर्च उभारले. दुर्घटना घडली तेव्हा जुनी वास्तू उपासनेच्या वापरात नव्हती. गावकरी कथा सांगत होते, परंतु तिच्या भरवशावर बसून राहिले नव्हते. कथेतील चर्चने जे करावयाचे होते, ते गावाने स्वतः केले. म्हणून श्रद्धा आणि व्यवहार यांना परस्परविरोधी मानणारे पहिले वाचनही येथे टिकत नाही.

दंतकथेचे अपहरण :

याच परिसराची दुसरी दंतकथा 'कड्याच्या राजा'ची आहे. स्टेव्हन्सवर या अदृश्य राजाची सत्ता असून कोणत्याही मर्त्य राजाने ट्रिगेवेल्डे नदी ओलांडून येथे येऊ नये, असा समज होता. या राजाचे सैनिक दिवसा ओकवृक्ष असतात आणि रात्री योद्धे होतात, असेही सांगितले जाई. जस्ट मथियास टीले यांनी 1818 ते 1823 या काळात प्रसिद्ध केलेल्या डॅनिश दंतकथांच्या संग्रहातून अशा कथा नागर वाचकांपर्यंत पोहोचल्या.

पुढे योहान लुडविग हायबर्ग यांनी 1828 मध्ये राजघराण्यातील विवाहानिमित्त 'एल्वरहोय' हे नाटक लिहिले. त्यात राजा चौथा ख्रिश्चन ही निषिद्ध नदी ओलांडतो आणि दोन मुलींच्या अदलाबदलीचे रहस्य उलगडतो. नाटक डॅनिश रंगभूमीवर अतिशय लोकप्रिय ठरले. मात्र लोककथेत राजसत्तेला सीमा घालणारा निषेध नाटकात राजाच्या गौरवाचे साधन बनला आहे. हे केवळ रूपांतर नसून अर्थाचा विपर्यास होय. लोकसाहित्यातून राष्ट्रीय साहित्य घडते, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या घडण्यात गावाचा आवाज कोठे हरवतो, हेही पाहिले पाहिजे.

वर्तमान संदर्भ :

याच कड्यातील मातीच्या पातळ थरात आढळलेल्या इरिडियमचा आधार घेऊन अल्वारेझ पितापुत्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये लघुग्रहाच्या आघाताचा सिद्धान्त मांडला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवसंहाराची ही साक्ष असल्याने 2014 मध्ये युनेस्कोने कड्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. परिणामी दंतकथा आता भूशास्त्राशेजारची एक गंमत म्हणून सांगितली जाण्याचा धोका आहे. वस्तुतः दोन्ही कथनांचा विषय एकच आहे : स्थिर वाटणारी भूमी स्थिर नसते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दंतकथेची कसोटी तिच्या विधानाच्या खरेपणात शोधणे अपुरे आहे. ती कोणती भीती सुसह्य करते, कोणत्या सत्तेला मर्यादा घालते आणि ती सांगणारे लोक प्रत्यक्षात काय करतात, या तीन प्रश्नांच्या आधारे तिचे वाचन व्हावयास हवे. होयेरुपचे जुने चर्च त्याच कड्याच्या चुनखडीतून बांधलेले आहे. त्याचा काही भाग कड्याबरोबरच गेला. उरलेली वास्तू मात्र आधार देऊन राखण्यात आली आणि कथाही सांगितली जात राहिली. खोटी ठरूनही जी कथा टिकते, तिचे प्रयोजन विधानापलीकडे असते. स्थलबद्ध कथांना 'केवळ दंतकथा' म्हणून बाजूस सारणाऱ्या समीक्षेने याची नोंद घेणे आवश्यक आहे.